दोन सारखे नळ

लातुरात एक तात्या होते. तात्या प्रत्येक गावात असतात, पण हे जरा जास्तच तात्या. उभी हयात हिशेबनिशीत गेली आणि निवृत्त झाल्यावर हिशेब कचेरीतून उठून घरात येऊन बसला. दोन मुलगे, दोन सुना. म्हणून घरात येईल ती वस्तू दोन. दिवाळीची साडी एकाच भावाची, एकाच काठाची. आंब्याची पेटी फोडली की वाटे मोजून व्हायचे, आणि एखादा आंबा उरलाच तर तो मधोमध कापला जायचा. कोय कुणाच्या वाट्याला गेली यावरून एकदा अर्धा दिवस अबोला झाला, तरी पद्धत बदलली नाही. एका वहीत दोन रकाने होते. डावा थोरलीचा, उजवा धाकटीचा. महिनाअखेर दोन्हींची बेरीज जुळली की तात्यांना झोप छान लागायची.

सुनांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. तुमच्या घरात जी असतील ती घाला.

त्या घराचं पाण्याशी जुनं नातं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. एप्रिलात पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची. तीनशेहून जास्त किलोमीटर प्रवास करून आलेलं पाणी अंगणातल्या पिंपात पडताना पाहिलेलं घर होतं ते. त्या वर्षी माईंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, ओट्यावरच्या जुन्या तोटीखाली घागर ठेवली होती. तोटीचा वायसर गेला होता, थेंब थांबत नव्हता. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला वीसेक लिटर होतात; माईंनी हे गणित केलं नव्हतं, घागर भरून वाहताना पाहिली होती. नवा वायसर दोन दिवसांत बसला, पण माईंच्या डोक्यात ती घागर तशीच राहिली.

पुढे पाऊस झाला, पाणी आलं, दिवस बरे आले. तात्यांनी घरावर मजला चढवला. खाली थोरला, वर धाकटा. गच्चीवर दोन फुटांच्या चौथऱ्यावर काळी टाकी, शेजारी सोलर. वरचं स्वयंपाकघर नवंच होतं. मग खालच्याचंही काम काढायचं ठरलं, कारण वर नवा ओटा आणि खाली जुना म्हणजे उजव्या रकान्यात भर आणि डाव्यात खड्डा. दोन्हीकडे एकाच खाणीचा ग्रॅनाइट आला. खालचं सिंक मात्र जुनंच ठेवलं. स्टीलचं होतं, उथळ होतं, पण धड होतं. वरचं नवीन, चांगलं खोल. हा फरक तात्यांनी वहीत 'जुने चालू' असा लिहून मिटवला.

राहिले नळ.

हार्डवेअरच्या दुकानात नळांची एक अख्खी भिंत होती. प्लास्टिकचे पांढरे, पितळेचे चकचकीत, हंसासारख्या मानेचे, बदकासारख्या चोचीचे. तात्यांना वस्तू हातात घेऊन तोलायची सवय. आणि नळाच्या बाबतीत ही सवय वाईट नाही. अस्सल पितळेचा नळ हाताला जड लागतो; आतली आट्यांची बाजू पिवळी दिसते. जस्ताच्या मिश्रणाचा ओतीव नळ वरून तितकाच चमकतो, पण आत राखाडी. तात्यांनी नळ उलटे करकरून आतला रंग पाहिला. दुकानदाराला कौतुक वाटलं.

"मालक, बसवायचा कुठं? खाली का वर?" त्यानं विचारलं.

"दोन्हीकडं. दोन्ही सारखे पायजेत."

दुकानदार काहीतरी बोलणार होता. मग त्यानं गिऱ्हाइकाचा चेहरा पाहिला आणि भिंतीवरचा सगळ्यात महागडा नग खाली काढला. एका दांडीचा मिक्सर. दांडी डावीकडे केली की गरम, उजवीकडे केली की गार, वर उचलली की पाणी. आत वायसर नाही, चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, म्हणून थेंब गळायची भीती कमी. मान हातभर उंच. आणि तोंड धरून ओढलं की आतून नळी बाहेर यायची. सिंकच्या कोपऱ्याकोपऱ्यात फवारा मारता यायचा. तोंडाशी बारीक जाळी, तिच्यातून पाणी हवा घेऊन दुधासारखं फेसाळ पडणार. तात्यांनी हमी किती वर्षांची ते दोनदा वाचलं. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, किमान दाब ०.५ बार अशी. ती त्यांनी वाचली नाही. हिशेबनीस माणूस, पण ती ओळ रुपयांत नव्हती.

दोन नग घेतले. वहीत दोन्ही रकान्यांत एकच आकडा पडला.

दुकानातल्याच पोरानं येऊन सकाळी खाली आणि दुपारी वर नळ बसवला. खाली थोरलीनं दांडी उचलली. पाणी फेसाळत आलं, माईंनी हात धुतले, शेजारीण बघून गेली. वर धाकटीनं दांडी उचलली. पाणी आलं. म्हणजे आलं म्हणायचं. करंगळीएवढी धार, जरा विचार करत करत. फवाऱ्याचं बटण दाबलं तर फवारा सिंकच्या कडेपर्यंतही पोचेना.

धाकटी चार दिवस काही बोलली नाही. तिनं स्वतःच एक पद्धत बसवली. कुकर नळाखाली लावायचा, तोवर कणीक मळायला घ्यायची. पाचव्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "आपल्याला खराब नग आलाय." नवरा म्हणाला, "मुद्दाम कोण देतंय?" ही दोन वाक्यं जिन्यावरून खाली यायला फार वेळ लागला नाही. थोरलीच्या तोंडून वर गेलं ते असं: "काही जणींना दांडी पूर्ण उचलायची माहीत नसती."

तात्या हादरले. चाळीस वर्षांत त्यांच्या बेरजेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी पोराला पुन्हा बोलावलं आणि सरळ हुकूम सोडला: "वरचा खाली लाव. खालचा वर लाव." न्याय म्हणून हा उत्तमच होता. खराब नग असेल तर तो आता खाली खराब चालेल.

नळ बदलले. वरून खाली आलेला नळ खाली आल्याबरोबर फेसाळ वाहू लागला. खालून वर गेलेला चांगला नळ वर जाऊन करंगळी झाला.

आता खरी पंचाईत. दोषी नग कुठलाच नाही आणि तक्रार मात्र जिवंत. तात्यांनी वेगळा सूर लावून पाहिला. "हे बघ, सूनबाई, थोडं थोडं येतंय तर बरंच आहे. पाणी वाचतंय. सोळा साल विसरलीस का?"

धाकटी तशी गरीब, पण त्या दिवशी तिच्या हातात रिकामा कुकर होता. "तात्या, पाच लिटरच्या कुकरात पाच लिटरच बसतंय. हळू आलं म्हणून साडेचारात भरत नाही."

ह्याला तात्यांजवळ उत्तर नव्हतं. असायचं कारणही नाही. फेसाळ जाळीनं पाणी वाचतं ते भाजी धुताना, ताट विसळताना, हात धुताना. जिथं आपण नळ नुसता चालू ठेवतो तिथं. भांडं भरायचं असेल तेव्हा बारीक नळ पाणी वाचवत नाही, माणसाचा वेळ तेवढा खातो.

माई म्हणाल्या, "जुन्या मिस्त्रींना बोलवा."

जुने मिस्त्री म्हणजे ज्यांनी या घराची पहिली पाइपलाइन लोखंडी नळांची, सुतळी आणि सफेदा लावून ओढली होती ते. आता हात थरथरत, काम पोरं बघत, पण डोकं जागेवर. मिस्त्री आले आणि नळाकडे बघितलंच नाही. माईंकडून लिटरचं माप मागितलं. तात्यांना म्हणाले, "घड्याळ काढा."

खाली माप धरलं: पंधरा सेकंद. वर माप धरलं: अठ्ठावीस. मग मिस्त्रींनी सिंकखालचा अँगल कॉक बंद केला, नळाची नळी सोडवली, खाली माप धरलं आणि कॉक सताड उघडला. पाणी धाडकन आलं. माप सहा सेकंदांत भरून धाकटीच्या पायावर सांडलं.

"पाणी हाय की," मिस्त्री म्हणाले. "नळच जाऊ देईना झालाय."

"पण तोच नळ खाली चालतो!"

"तात्या, टाकी कुठंय?"

"गच्चीवर."

"मग वरचा ओटा टाकीच्या काखेतच हाय न्हवं. पाण्याला जोर टाकीच्या मोठेपणाचा नसतोय, उंचीचा असतोय. हजार लिटरची टाकी ठेवा का पाच हजाराची, जोर तेवढाच. दहा मीटर उंचीवरनं पाणी उतरलं तर एक बार म्हणत्यात. आता तुम्हीच हिशेब करा, तुमचा हात बसलेलाय त्यात."

हिशेब म्हटल्यावर तात्यांच्या अंगात आलं. टेप काढला. वरच्या तोटीपासून स्लॅबपर्यंत, तिथून चौथरा, मग टाकीतलं पाणी. टाकी काठोकाठ भरली तर साडेतीन मीटर. तळाला गेली तर अडीच. म्हणजे पाव बार ते फार तर एक तृतीयांशाच्या जरा वर. खालच्या ओट्याला त्यात एका मजल्याचे तीन मीटर जास्तीचे मिळत होते, साडेपाच ते साडेसहा. अर्धा बार ओलांडून थोडं पुढं. तात्यांनी रद्दीतून खोकं शोधून आणलं, चष्मा पुसला आणि ती बारीक ओळ वाचली. मग खोकं उपडं ठेवलं.

मिस्त्रींनी तोवर नळाचं तोंड उघडून जाळी काढली होती. महिन्याभरात तिच्यावर पांढरी खर बसली होती. बोअरचं पाणी, क्षार तर असणारच. बऱ्याच घरांत नळ 'बिघडतो' तो इथं, आणि लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासली की पुन्हा नवी होते. माणसं मात्र नळच बदलतात. मिस्त्रींनी जाळी घासून परत बसवली आणि माप धरलं. पंचवीस सेकंद.

"खर होती तीन सेकंदांची," ते म्हणाले. "बाकीचं नळाचंच हाय. ह्याच्या पोटात चकत्या, बारीक नळी, पाणी उलटं जाऊ नये म्हणून झडप, वर जाळी. एवढी दारं उघडत यायचं तर जोर लागतोय."

"मग पंप बसवू?"

"बसवा. दांडी उचलली की घर घुरघुरणार. लाइट गेली की पुन्हा करंगळी."

"टाकी उंच करू?"

"पुरुषभर उंच केली तर दोन दशांश बार वाढंल. भरलेल्या टाकीचं वजन टनाच्या वर, त्याला खालून लोखंड लावावं लागंल. एका नळापायी?"

तात्या गप्प झाले. मिस्त्रींनी पाना पिशवीत टाकला आणि जाता जाता ते वाक्य बोलले, ज्याच्यासाठी ही गोष्ट सांगायला घेतली. "तात्या, तुम्ही दोघींना सारखा नळ दिला. सारखं पाणी न्हाई दिलं. आधी पाणी बघायचं, मग भांडं, मग हात. नळ त्याच्या मागनं."

वरच्या ओट्याला त्यांनी सांगितला तो भिंतीतून निघणारा साधा सिंक कॉक. अर्धा इंच, जड पितळ, फिरती मान, घसा मोकळा, बारीक जाळी नाही. गरम पाण्याला त्याच्या शेजारी त्याचाच दुसरा. दोन्ही मिळून किंमत मिक्सरच्या पावपट.

इथं तात्यांना रात्रभर झोप लागली नाही. नळामुळे नव्हे, वहीमुळे. उजव्या रकान्यात एकदम खड्डा पडणार होता. त्यांनी मनात बरेच मार्ग काढले. फरकाची रक्कम धाकटीला रोख द्यावी का? पण मग ते नळाचे पैसे की नुकसानीचे? फरकाचं एखादं भांडं घ्यावं का? पण मग थोरली विचारणार, भांडं कशाचं? सकाळी चहाच्या वेळी त्यांनी हे सगळं माईंपुढं मांडलं. माईंची बोटं संधिवातानं वाकलेली. त्या कप दोन्ही हातांनी धरत. म्हणाल्या, "माझी औषधं महिन्याला किती रुपयांची येतात?"

"का गं?"

"आणि तुमची किती?"

"माझी कुठं काय…" तात्या थांबले.

"तो फरक कुठल्या रकान्यात लिहिता?"

साधा नळ आणायला तात्या स्वतः गेले. दुकानदारानं विचारलं, "वर का खाली?" आणि या वेळी तात्यांनी नीट उत्तर दिलं: टाकी एवढी उंच, पाणी बोअरचं, सिंक एवढं खोल, कुकर पाच लिटरचा. दुकानदारानं नळ काढून दिला आणि म्हणाला, "हे त्या दिवशीच सांगायचं होतं, मालक." तात्या म्हणाले, "त्या दिवशी तू विचारलं होतंस." त्यांचा हा मोठेपणा मला आवडतो. चूक कळल्यावर ती दुकानदाराच्या नावावर टाकायची सोय समोर असताना त्यांनी ती आपल्या नावावर लिहिली.

मिस्त्रींचा पोरगा आला, ओट्याचं मिक्सरचं भोक स्टीलच्या टोपीनं झाकलं, भिंतीतले दोन्ही जुने प्लग काढले, टेफ्लॉन टेप गुंडाळून नळ आवळले. धाकटीनं माप धरलं. तात्यांनी घड्याळ काढलं. आठ सेकंद. धार जाड, सरळ, खोल सिंकच्या बरोबर मधोमध. फेस नाही, फवारा नाही, काही नाही. धाकटी ते माप हातात घेऊन जरा वेळ उभीच राहिली. स्वस्तातला नळ मिळाला म्हणून तिला वाईट वाटेल अशी तात्यांना धास्ती होती. ती म्हणाली, "कणीक मळायला वेळ मिळणार नाही आता," आणि हसली.

पुढच्या आठवड्यात घरात सत्यनारायण होता. दुपारी जिन्यात पितळेचं मोठं पातेलं घेऊन थोरली वर निघालेली तात्यांना दिसली.

"हे वर कुठं?"

"वर लवकर भरतंय," थोरली म्हणाली. मग, विषय निघालाच आहे तर, तिनं पातेलं पायरीवर टेकवलं आणि महिनाभर पोटात ठेवलेलं बाहेर काढलं. खालचा नळ दिसायला छान आहे. पण मान एवढी उंच आणि सिंक एवढं उथळ, की पाणी ताटावर पडून थेट पोटावर उडतं. रोज पदर भिजतो. ओट्याच्या कडेला सारखं फडकं ठेवावं लागतं. आणि माईंना ती गुळगुळीत दांडी ओल्या बोटांनी उचलता येत नाही, मनगटानं ढकलतात. मग एकदम पूर्ण उघडते.

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार? चांगला नग माझ्याकडं आला होता ना."

तात्या खाली आले. वही काढली, मिटली. कोनाड्यातली पिशवी घेतली, चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालात?" माईंनी विचारलं.

"दुकानात. वरच्यासारखाच नळ खाली आणतो. दोन्ही सारखे होतील, प्रश्नच मिटला."

माईंनी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. तात्या उंबऱ्यात एक पाय बाहेर, एक आत असे थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली, टेबलावरचं लिटरचं माप उचललं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन हाक मारली, "सूनबाई, सिंक किती इंच खोल आहे गं आपलं?"

थोरली पातेलं भरून खाली येत होती. जिन्यावरूनच म्हणाली, "थांबा, तात्या. आधी हे एका बाजूनं धरा."